रॅडागॉनचे वकील

रॅडागॉनने पहिल्या बायकोला का सोडलं, हा प्रश्न ज्याला रात्री अडीच वाजता पडतो आणि सकाळी दहाच्या मीटिंगमध्येही छळत असतो, त्या माणसाला आमच्यात भाष्यकार म्हणतात. गेम खेळणारे पुष्कळ असतात. ते बॉसला मारतात, स्क्रीनचा फोटो मित्रांना पाठवतात आणि जेवायला जातात. भाष्यकाराला मारण्यात फारसा रस नसतो. बॉस असा का वागला, तेवढंच त्याला हवं असतं. त्याच्या कंट्रोलरची बटणं नवीकोरी असतात, स्क्रीनशॉटची फोल्डरं मात्र ओसंडून वाहत असतात.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'एल्डन रिंग' हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा गेम २५ फेब्रुवारी २०२२ला आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाचा पूर्वेतिहास रचायला जॉर्ज आर. आर. मार्टिन. महिन्याभराच्या आतच १ कोटी २० लाख प्रती खपल्या. गोष्ट अशी, की मारिका नावाची एक राणी आहे, राणी कसली, देवीच. जगाचे नियम जिच्यात गुंफलेत ती एल्डन रिंग तिनं हातोड्यानं फोडली. तिचा दुसरा नवरा रॅडागॉन. त्यानं तोच हातोडा घेऊन ती सांधायचा प्रयत्न केला. आणि राजधानीतल्या एका पुतळ्यासमोर योग्य मंत्र म्हटला की कळतं, रॅडागॉन म्हणजेच मारिका. नवरा आणि बायको एकच. फोडणारी तीच, सांधणारा तोच.

आता अशा व्यक्तीचा हेतू काय असावा? गेम सांगत नाही. शेवटच्या लढाईत रॅडागॉन चकार शब्द काढत नाही. तो हातोडा घालतो, आपण मरतो. त्याला पाडलं तर पाठोपाठ एल्डन बीस्ट येतो, तो तर नावाप्रमाणे जनावरच. भाष्यकाराचा सगळा प्रपंच या मौनावर उभा आहे. रॅडागॉन मरताना दोन वाक्यं बोलला असता, तर आमच्या भाष्यकाराचं एव्हाना लग्न झालं असतं.

त्याचा पुरावा गोळा करण्याचा प्रकार बघण्यासारखा असतो. नवं शस्त्र हाती लागलं की आपण त्यानं डॅमेज किती होतो ते बघतो. भाष्यकार त्या शस्त्राखालचं चार ओळींचं वर्णन वाचतो, मग पुन्हा वाचतो, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचतो. गेममध्ये राक्षसांच्या लाल केसांच्या वेणीचा एक चाबूक आहे. त्याच्या वर्णनात ओझरतं आलंय की रॅडागॉनला स्वतःच्या लाल केसांचा तिटकारा होता, आणि तो कदाचित त्या राक्षसांचा शाप असेल. 'कदाचित' हा शब्द आपल्याला दिसतो. भाष्यकाराला दिसत नाही. मारिकानं राक्षसांचा निःपात केला, मरता मरता त्यांनी शाप दिला, तो तिच्या अर्ध्या अंगावर लाल केसांच्या रूपानं उगवला, त्या न्यूनगंडातून तो अर्धा भाग कर्मठ झाला आणि म्हणूनच त्यानं रिंग सांधायला घेतली! एका वेणीवरून एवढं सगळं. "मधल्या पायऱ्या कुठायत?" असं विचारलं तर उत्तर तयार असतं. "त्या आपण भरायच्या. मियाझाकींचीच तशी इच्छा आहे."

यातलं शेवटचं वाक्य अगदीच हवेतलं नाही. लहानपणी आपल्याला न झेपणारी पुस्तकं आपण वाचायचो आणि न कळलेल्या जागा कल्पनेनं भरायचो, असं मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलं आहे. भाष्यकाराला हा परवाना वाटतो. फरक एवढाच, की मियाझाकी न कळलेल्या जागा भरत होते, भाष्यकार कळलेल्याही भरतो.

खुद्द लेखकांनी येऊन सांगितलं तरी उपयोग नसतो. या गेममधली राजघराण्यातली नावं जी, आर आणि एम या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात: गॉडफ्री, गॉडविन, राडान, रॅनी, मारिका, मलेनिया. म्हणजे मार्टिन यांनी आपली आद्याक्षरंच पेरली आहेत, असा शोध लागला. मार्टिन यांनी तसं काही नाही म्हणून सांगून टाकलं. भाष्यकार मंद हसला. "असतं तर कबूल केलं असतं का?" या युक्तिवादावर जगातल्या कुठल्याही न्यायालयात अपील होत नाही.

मराठी घरात याचं एवढं अप्रूप का वाटावं, ते मला कळत नाही. कर्णाची वकिली करण्यात आपल्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७चं. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं, आणि त्यात बाईंनी युधिष्ठिर हा विदुराचाच मुलगा असावा असा तर्क मांडला. भाष्यकाराच्या वडिलांनी हे मोठ्या अभिमानानं त्याला ऐकवलं, तर हा ताडकन उठून म्हणाला, "बाबा, ही तर क्लास थिअरी आहे!" वडील दोन दिवस बोलले नाहीत. संशोधनाला थिअरी म्हणणं त्यांना झोंबलं. अर्थात बाईंचं काम सोपं होतं असं नाही, पण त्यांची पात्रं निदान बोलत तरी होती. महाभारतात गप्प कोण बसतंय?

खरा प्रसंग ओढवला तो २१ जून २०२४ला. त्या दिवशी 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हे डीएलसी, म्हणजे गेमची पुरवणी, आलं. तोवर सव्वादोन वर्षं भाष्यकाराचं ठाम मत होतं की रॅडागॉन हा ग्रेटर विल नावाच्या परात्पर शक्तीचा हस्तक, वरून हुकूम आला की तो पाळणारा. डीएलसीनं दाखवलं की त्या शक्तीचे निरोप आणणाऱ्या बोटांची जी आई, तिलाच कितीतरी काळ वरून काही ऐकू आलेलं नव्हतं. ज्या साहेबांच्या सहीनं सगळा कारभार चालला होता ते साहेब कधीच बदली होऊन गेले होते. भाष्यकारानं ऑफिसात आजारपणाची रजा टाकली. आम्ही समाचाराला गेलो तर पडदे ओढलेले, कपातला चहा साय धरलेला, आणि हा भिंतीकडे बघत बसलेला.

आठवड्यात तो सावरला. डीएलसीतच त्याला रांजण सापडले होते. मारिका ज्या शामन लोकांतली, त्यांना कापून दुसऱ्यांच्या मांसाबरोबर रांजणांत कोंबत असत, कारण त्यांचं मांस दुसऱ्यात मिसळून एकजीव होतं. आणि शेवटच्या लढाईतला रॅडागॉन? त्याचं अंग मातीच्या भांड्यासारखं तडकलेलं आहे! "मग मारिकात रॅडागॉन आला कुठून?" त्यानं विचारलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकलं, "रांजणातून!" मागून ते वाक्य आलंच, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." तो पहिल्यापासून हे म्हणत नव्हता. पण थिअरी वाईट नाही, हे मान्य करायला हवं. मलाही त्या रात्री नीट झोप लागली नाही.

हे सगळं औदार्य फक्त गेममधल्या बॉससाठी बरं का. ऑफिसातल्या बॉसनं दिवाळीची रजा नाकारली तेव्हा मी म्हटलं, त्याचाही काही पूर्वेतिहास असेल, त्याच्यावरही वरून दडपण असेल. भाष्यकार फणकारला, "हेतूबितू काही नाही. हलकट आहे." चौकशी तिथेच संपली.

हिवाळ्यात त्याला एक स्थळ आलं. मी सोबतीला होतो. पोहे झाले, आणि दोघांना मोकळेपणी बोलू द्या म्हणून आतल्या खोलीत पाठवलं. दार अर्धवट लोटलेलं.

"गेम खेळता म्हणे. कुठला?" मुलीनं विचारलं.

"एल्डन रिंग."

"अरे वा! रॅडागॉनला कसं मारलंत?"

भाष्यकारानं घसा खाकरला. सत्य असं की त्यानं मिमिक टिअर, म्हणजे आपली हुबेहूब नक्कल, लढायला बोलावली होती. नक्कल लढत होती आणि अस्सल मागे उभा राहून तड्यांचे स्क्रीनशॉट घेत होता. तो म्हणाला, "मारणं हा मुद्दा नाही. त्याचा हेतू..."

"हेतू कसला? रेनालासारखी बायको, तीन मुलं. सगळ्यांना टाकून मोठ्या घरी गेला. आमच्या कॉलनीत असे दोघं आहेत, त्यांच्यावर कुणी थिअऱ्या काढत नाही."

"पण जाताना त्यानं तिला अंडं दिलं होतं!"

बाहेर हॉलमध्ये मुलीच्या वडिलांच्या हातातली बशी थांबली. पहिली बायको, तीन मुलं आणि अंडं एवढं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांनी स्थळ सुचवणाऱ्या काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी कॅलेंडरकडे. तेवढ्यात भाष्यकाराचा आवाज चढला, "आणि जिच्याशी दुसरं लग्न केलं ती बाई म्हणजे तो स्वतःच होता, हे तुम्ही लक्षातच घेत नाही!" काकू पर्स उचलून उठल्या.

त्यांना खाली बसवेपर्यंत मला घाम फुटला. पण मुलगी हसत बाहेर आली. तिनं नकार दिला नाही, अट घातली. रॅडागॉन आणि एल्डन बीस्ट, दोघांना एकट्यानं मारायचं, मिमिक टिअर न बोलावता. मग पुढचं बोलू.

परवा रात्री उशिरा त्याचा फोन आला. मला वाटलं, मारलं वाटतं.

"झोपलास का रे?" तो म्हणाला. "तिनं नेमकी हीच अट का घातली असेल? माझ्याकडे तीन थिअऱ्या आहेत."