उत्तेजनार्थ

गावात महिला मंडळ असलं की पहिल्या नंबरच्या काकू असतातच. आमच्याकडे कोकणात माघी गणपतीला शाळेच्या दोन वर्गांत हस्तकला प्रदर्शन भरतं. जोडलेल्या बाकांवर पांढऱ्या चादरी, त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल, मोत्यांची तोरणं, जुन्या लग्नपत्रिकांचे गणपती. 'टाकाऊतून टिकाऊ' गटात आइस्क्रीमच्या काड्यांचा दिवा दरवर्षी न चुकता येतो. उद्घाटनाची फीत कापण्याआधीच काकूंची एक फेरी झालेली असते.

काकू वस्तू बघत नाहीत, उलट्या करतात. सुलट्या बाजूने भरतकाम कुणालाही जमतं, असं त्यांचं मत. मागे गाठी किती, एका फुलाचा दोरा तसाच दुसऱ्या फुलावर ओढून नेलाय का, हे तपासून त्या रुमाल होता तसा ठेवतात आणि म्हणतात, "छान केलंयस हो." एवढं ऐकलं की रुमालवालीला आपला नंबर गेल्याचं कळतं.

स्पर्धेचे नियम अख्ख्या गावात दोघीच वाचतात: ते लिहिणाऱ्या सेक्रेटरी वहिनी आणि काकू. 'वस्तू स्वतः बनवलेली असावी' या एका ओळीवर काकूंनी मागे बैठक बोलवायला लावली होती. मणी लेकीने ओवले आणि गाठी आईने मारल्या, तर तोरण कुणाचं? चहा दोनदा झाला, निर्णय झाला नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरातली फळी बघण्यासारखी आहे. बक्षिसाच्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर मंडळाचं नाव आणि साल कोरलेलं. त्यामुळे सुनेला "कुळीथ कुठे आहेत?" विचारलं की ती "२०१४मध्ये" म्हणते. पोहे २०११मध्ये, साखर २०१७मध्ये. फक्त एक प्लास्टिकचा डबा मागच्या अंगणात दोरीपाशी असतो, त्यात कपड्यांचे चिमटे. त्या वर्षी तालुक्याहून आलेल्या परीक्षकबाईंनी काकूंना 'उत्तेजनार्थ' दिलं होतं. नंबरच आला नसता तर परीक्षकांना कळत नाही म्हणून सोडून देता आलं असतं. पण उत्तेजन? ते काल सुई धरलेल्या पोरींना द्यायचं!

अशा काकूंसमोर मंडळाने बक्षीस नसलेला एक गट काढला. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणून द्यायच्या. कोकणात लोकरीचं काय काम, असं कुणीही विचारील. इथे स्वेटर म्हणजे महाबळेश्वरच्या सहलीपुरता. पण कमी दिवसांच्या बाळाला मे महिन्यातही थंडी बाधते. अंगात चरबी नसते, शरीराच्या मानाने डोकं मोठं, आणि उघड्या डोक्यातून ऊब भराभर जाते. आईच्या छातीशी बाळाला उघड्या अंगाने बिलगून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती आता आपल्या सरकारी रुग्णालयांतही आहे. तिच्यात बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपी, एवढंच असतं.

"पण बक्षीस नाही, तर टोपी चांगली झाली हे कळायचं कसं?" काकूंनी विचारलं.

"बाळाला ऊब मिळाली म्हणजे झालं की, काकू."

"ते बाळ काय सांगणार आहे!"

तरी त्यांनी टोप्या केल्याच. वर गोंडा, पुढे लोकरीचा गुलाब, गुलाबात मोती. रुग्णालयातल्या सिस्टरनी काकूंच्या देखत कात्री घेऊन गुलाब उडवला. मोती बाळाच्या तोंडात गेला म्हणजे? गोंडा नको, बटण नको, आतून शिवण टोचायला नको, आणि रोज धुता आली पाहिजे. काकूंच्या कामाला आजवर कुणी कात्री लावली नव्हती. रात्री त्यांनी सगळ्या टोप्या उसवल्या.

आता मापाला बाळ कुठून आणायचं? पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर भरतो. काकूंनी टेप घेऊन सोललेले नारळ मोजले, मापाचे निवडले, लहान बाळांसाठी लहान नारळ वेगळे काढले आणि पडवीत ओळीने मांडले. दहा नंबरच्या सुया, कडेला एक सुलट एक उलट, वर टाके कमी करत आणायचे आणि टोपी नारळावर चढवून बघायची. त्या दिवसांत घरात काकाही चटणीला नारळ घेताना विचारून घेत.

नंतर काकूंनी शाळेच्या फळ्यावर कुणी किती टोप्या दिल्या ते नावानिशी लिहायला लावलं. "नोंद राहावी म्हणून" असं त्या म्हणाल्या. आठवडाभरात खालच्या वाडीतल्या बायकांनी लोकर आणली.

मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटाची गोष्ट सांगितली. तिथे समुद्रात तेल सांडलं की पेंग्विनांना स्वेटर घालतात, म्हणजे पिसं साफ करताना तेल त्यांच्या पोटात जात नाही. विणणाऱ्यांनी जगभरातून इतके स्वेटर पाठवले की जादाचे खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकावे लागले. मला वाटलं, काकू बोध घेतील.

"गळा कसा घेतात?" त्यांनी विचारलं.

१९६२च्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यांत काकूंच्या सासूबाईही होत्या. त्या स्वेटरची एक बाही आखूड होती, हे काकू आजही सांगतात. स्वेटर सीमेवर गेला असताना बाही कुणी मोजली, ते आपण विचारायचं नाही.

यंदापासून टोप्यांच्या गटातही नंबर काढायचे ठरले आहेत. परीक्षक तालुक्याहूनच येतील. त्यांना एकच विनंती आहे. टोपी उलटी करून बघा, शिवणीवरून बोट फिरवा, घेर मोजा, नारळ मागितलात तर तोही मिळेल. पहिला द्या, दुसरा द्या, वाटलं तर नंबरच काढू नका. पण काकूंना उत्तेजनार्थ देऊ नका. रुग्णालयाला टोप्या बारा महिने लागतात, आणि पावसाळ्यात धुतलेल्या वाळत नाहीत म्हणून दुप्पट लागतात.