फक्त अॅडमिन बोलू शकतात

‘कम्युनिकेशन स्किल्स’ या विषयाचा व्हॉट्सअॅप ग्रुप कॉलेज सुरू झालं त्याच दिवशी निघाला आणि त्याच दिवशी त्याचं सेटिंग बदललं. आता तिथं फक्त अॅडमिन बोलू शकतात. बाकीच्यांनी संवादकौशल्य शिकायचं ते गप्प बसून. कॉलेज येरवड्यातलं आहे. नाव सांगत नाही, कारण तुमच्या शेजारच्या कॉलेजातला ग्रुप उघडून पाहिलात तरी हेच दिसेल.

एका तासाला मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. येरवड्याच्या डोक्यावर लोहगावचं आकाश आहे. धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे प्रवासी विमानांच्या जोडीला सुखोईही घिरट्या घालतात. मॅडमनी फळ्यावर शॅननची आकृती काढली. डावीकडे पाठवणारा, उजवीकडे घेणारा, मधल्या वाटेवर वरून टोचणारा ‘नॉइज’चा बाण. ‘नॉइज म्हणजे...’ एवढं त्या म्हणाल्या आणि छपरावरून सुखोई गेलं. पुढचा काही वेळ मॅडमचे ओठ हलत होते, हात हलत होते, खिडकीच्या काचाही हलत होत्या. आवाज विरला तेव्हा मॅडम वाक्याच्या शेवटाला पोचल्या होत्या. ‘...क्लिअर?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘येस मॅडम!’ मॅडमनी समाधानानं फळा पुसला.

हा क्लॉड शॅनन अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला गणिती. १९४८ साली त्यानं जो निबंध लिहिला, तो एखाद्या तारेतून किती माहिती बिनचूक धाडता येईल याचा हिशेब होता. निरोपाच्या अर्थाशी इंजिनिअरिंगच्या या प्रश्नाला देणंघेणं नाही, हे त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. आपल्या परीक्षकांनी नेमकं तेवढंच मनावर घेतलं. आकृती काढली की गुण मिळतात, तिचा अर्थ कुणी विचारत नाही.

दुसरं दैवत मानसशास्त्रज्ञ मेहराबियन. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ हे वाक्य सॉफ्ट स्किल्सच्या प्रत्येक स्लाइड-शोमध्ये असतंच. १९६७ सालचे त्याचे प्रयोग सुट्या शब्दांवरचे होते. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच त्यात पाहिलं होतं. हे आकडे सरसकट लावू नका, असं तो स्वतःच सांगत आला. पण हे सांगायला त्यालाही शब्दच वापरावे लागले, म्हणजे त्यातलं ७ टक्केच पोचलं असणार. हा भाग शिकवणाऱ्या सरांना एका पोरानं सरळ विचारलं, ‘सर, मग पेपरात ९३ टक्के कसं लिहायचं?’ सरांनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगं खाली बसलं. ही मात्र शंभर टक्के देहबोली.

सरांवर हसायला फार धीर होत नाही. हे सर तासिका तत्त्वावर आहेत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, दोन्हींच्या मध्ये बंडगार्डनचा पूल आणि पुलावरची ट्रॅफिक. मानधनाचं बिल ऑफिसात दिलं की ‘वर पाठवलंय’ हे उत्तर येतं. वर म्हणजे कुठं, हे कळत नाही. पाठवणारा आहे, माध्यम आहे, घेणाऱ्याचा पत्ता नाही. तरी बिचारे ‘इफेक्टिव्ह कम्युनिकेशनची सात तत्त्वं’ उत्साहानं शिकवतात. पोरं ती सीनिअरच्या जर्नलमधून उतरवून काढतात. सीनिअरनं त्याच्या सीनिअरच्या जर्नलमधून उतरवलेली असतात. पिढ्यानपिढ्या निरोप जसाच्या तसा पोचवणारी याहून खात्रीची वाहिनी शॅननलाही सापडली नसती. एका जर्नलात तर वर्षही जुनंच राहिलं होतं. सही मिळाली.

प्रॅक्टिकल म्हणजे ग्रुप डिस्कशन. विषय ‘सोशल मीडिया : शाप की वरदान’. दहा जणांनी गोल करून बसायचं, जो आधी ‘आय वुड लाइक टू इनिशिएट’ म्हणेल त्याला इनिशिएटिव्हचे गुण. त्या दिवशी चार जण एकदम म्हणाले. उरलेल्या सहांनी ‘आय अॅग्री विथ माय फ्रेंड’ म्हटलं. कुठल्या फ्रेंडशी, ते मॅडमनीही विचारलं नाही.

आणि याच येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीआड, सप्टेंबर १९३२ मध्ये खरीखुरी चर्चा झाली होती. एका बाजूला आमरण उपोषणाला बसलेले गांधी, दुसऱ्या बाजूला त्या उपोषणाचं ओझं माथ्यावर घेऊन आपल्या माणसांचे हक्क मागणारे बाबासाहेब. ‘आय अॅग्री’ म्हणायची तिथं सोय नव्हती. २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. काय मिळालं आणि काय गेलं, यावर आजही हमरीतुमरी होते. आमच्या डिस्कशनवर चहा पिईपर्यंतही कुणी बोलत नाही.

गांधींनी त्याच तुरुंगातून ११ फेब्रुवारी १९३३ ला पुण्याहून ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू केलं. माणूस कोठडीत आणि साप्ताहिक बाजारात! त्याआधी १९३० मध्ये तिथूनच दर मंगळवारी आश्रमाला पत्र जायचं. सोमवारी मौन, म्हणजे चिठ्ठीवर लिहून बोलणं. अलीकडच्या काळात कैद्यांनी आत स्वतःचा रेडिओही चालवला. संजय दत्त तिथं जॉकी होता. मुक्त विद्यापीठांची केंद्रं आत आहेतच. कैदी परीक्षा देतात आणि पास होतात.

म्हणून मी प्राचार्यांकडे लेखी प्रस्ताव नेला. संवादकौशल्याचं सगळं प्रॅक्टिकल जेल रोडवर, भिंतीच्या आत घ्यावं. तिथं बोलायला काही कारण असतं, ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही आणि अटेंडन्सची डिफॉल्टर लिस्ट लावावी लागत नाही. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. कल्पना त्यांना मनापासून आवडली.

‘पण अडचण आहे हो,’ ते म्हणाले. ‘आत मोबाइल नेऊ देत नाहीत. मग नॅकसाठी फोटो कसे काढायचे?’