आमच्या फ्रिजमधली चार दुधं

म्युनिक,
वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांना,


आम्ही गाईचं दूध सोडलं, ही बातमी उमरखेडात पोचल्याचं आत्याच्या फोनवरून कळलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घरात गाईच्या दुधाला बंदी आहे, नात उपाशी झोपते आणि मी पांढरं पाणी पिऊन कामावर जातो. यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. बाबा, तुम्ही परवा व्हिडिओवर विचारलंत, "काहून रे, तिकडल्या गाई आटल्या काय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं फोन घेतला, मग इकडे सुनेनं घेतला आणि शेवटी तुमच्या धाकट्या नातवानं घेऊन बंदच करून टाकला. म्हणून हे पत्र. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

तर, फ्रिजच्या दारात सध्या चार खोकी उभी असतात. एक साध्या गाईच्या दुधाचं, एक लॅक्टोज फोडलेल्या गाईच्याच दुधाचं, एक ओटचं, एक सोयाचं. मधे बदामाचंही होतं. ते मीच बंद केलं, कारण पुढे येईल. माणसं चार आणि दुधं चार, पण हिशेब माणशी एक असा सरळ नाही. धाकटा गाईचंच पितो, मी चहाला गाईचं आणि कॉफीला ओटचं घेतो, सूनबाई पिते लॅक्टोज फोडलेलं पण विरजण लावते सोयाला. आणि तुमची नात कोण काय पितंय याची नोंद ठेवते.

सुरुवात सुनेपासून करतो. दूध घेतलं की तिचं पोट फुगायचं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं: दुधातली साखर पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं द्रव्य लागतं. तान्हेपणी ते सगळ्यांकडे असतं, पण जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश माणसांत मोठेपणी कमी होत जातं. उत्तर युरोपातल्या बहुतेकांना जन्मभर पुरतं. आपल्याकडे काहींना पुरतं, काहींना नाही. आणि २०११ सालच्या एका संशोधनात असं दिसलं, की भारतात ज्यांना पुरतं त्यांच्यापैकी पुष्कळांत जो जनुकीय बदल आहे, तोच युरोपातल्या लोकांतही आहे. म्हणजे बाबा, रात्री तांब्याभर दूध पिऊन तुम्ही जे निवांत घोरता, तेवढ्यापुरते तुम्ही आणि आमचे जर्मन घरमालक एका कुळातले. सुनेला मात्र दही-ताक चालेल, असं बाई म्हणाल्या, कारण विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. आई, हेच तू लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिला सांगितलं होतंस, "दूध सोसत नसंन त पोरी ताक पेत जाय." चित्र न काढता.

आता दुकानात मिळणाऱ्या त्या दुसऱ्या खोक्यात हेच लॅक्टेज आधीच घालून साखर फोडून ठेवलेली असते. फुटलेली साखर जास्त गोड लागते, म्हणून तिच्या चहाला अर्धा चमचा साखर कमी पुरते. या घरात दुधावरून झालेली एवढी एकच बचत.

खरं प्रकरण नातीचं आहे. वर्गात हवामानाचा धडा झाला आणि तिनं फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. पूर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी २०१८ साली जगभरातल्या हजारो शेतांची आकडेवारी गोळा केली, त्यातले हे आकडे. एक लिटर गाईच्या दुधामागे सरासरी सव्वातीन किलोच्या आसपास कार्बन, सोयाच्या आणि ओटच्या मागे किलोभर. पाणी गाईच्या दुधाला ६२८ लिटर, ओटला ४८, सोयाला २८. मी चहात दूध ओतायला लागलो की ती शेजारी येऊन उभी राहते आणि म्हणते, "पन्नास मिली. एकतीस लिटर पाणी, बाबा." उमरखेडात नळाला आठवड्यातून किती वेळा पाणी येतं हे तिला उन्हाळ्यात तुम्हीच दाखवलंत, त्यामुळे मला बोलायला जागा राहिलेली नाही.

तरी मी बोललो. म्हटलं, हे जगाचे सरासरी आकडे आहेत, आपल्या तांबडीचे नाहीत. लाल कंधारी गाय. सोयाबीनचं कुटार खाते, बांधावरचं गवत खाते, फार तर मूठभर सरकी ढेप. दूध दिवसाला दोन-चार लिटर, पण तिचे गोऱ्हे औताला चालतात आणि शेणही शेतात जातं. इथल्या गाई वर्षाला सात-आठ हजार लिटर देतात, आणि युरोपातल्या जनावरांना लागणारी सोयापेंड मोठ्या प्रमाणावर ब्राझीलसारख्या देशांतून जहाजानं येते. दोघींना एका तक्त्यात बसवणं म्हणजे अन्याय आहे. मला वाटलं, वकिली बरी जमली. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तांबडीचं दूध इथं मिळतं का?"

आज सकाळी तिला वसुबारशीचं सांगितलं. आजी आज गाईवासराला पूजते आणि गाईचं दूध, दही, तूप यातलं काही तोंडात घालत नाही, कारण आजचं दूध वासराचं. पोट्टी उडीच मारायची राहिली. "आजी व्हीगन आहे!" म्हणाली. एक दिवसच, म्हटलं. पण आता ते वर्गात जाहीर होणार. आई, ही बातमी उलटी फिरून उमरखेडात आली तर ती तू निस्तर.

बाबा, तुमचाही यात हात आहे. तुम्ही तिला सेवाग्रामला नेऊन गांधीजींच्या शेळीची गोष्ट सांगितलीत, ती तिनं पुढे शोधत नेली. गाई-म्हशींना शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळण्यासाठी 'फुंका' नावाची जी क्रूर रीत होती, तिच्या किळसेनं ते दुधाबद्दल आणखी कडक झाले. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढे आजारात कस्तुरबांनी वाट काढून दिली, की तुमचं व्रत गाई-म्हशीचं आहे, शेळीचं कुठे? दुधाला वनस्पतीतून पर्याय सापडावा, ही त्यांची इच्छा मात्र राहिलीच. आणि १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी जेवणात सोयाबीन घालून पाहिलं, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही. आपल्या भागात शेतंच्या शेतं सोयाबीनची झाली ती त्यानंतर कित्येक दशकांनी. नातीचं म्हणणं, आजोबांनी एवढं सगळं मला सांगायचं आणि वर स्वतः तांब्याभर दूध प्यायचं, हे चूक आहे. हे तुम्हीच तिच्याशी मिटवा.

आता एकेका दुधाबद्दल माझं मत. बदामाचं म्हणजे शुद्ध लूट. खोक्यावर लिहिलेलं असतं, बदाम दोन टक्के. म्हणजे लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम, मोजून सोळा-सतरा बदाम. आई दहावीच्या परीक्षेत रोज सकाळी पाच भिजवून द्यायची. तिनं कधी बादलीभर पाण्यात टाकून दिले नाहीत.

ओटचं बरं असतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ऑस्ते या शास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकात ते घडवलं. ओटमधल्या पिष्टाचे तुकडे केले की ते आपोआप गोड होतं, साखर न घालता. कॉफीत छान फेसाळतं. पण त्याच्याकडून त्यापलीकडे काही मागू नये. यंदा कोजागिरीला इथल्या मराठी मंडळींत दोन पातेली ठेवायचं ठरलं, एक गाईचं आणि एक न पिणाऱ्यांसाठी ओटचं. एका वहिनींनी ओटचं दूध निष्ठेनं आटवलं. आटता आटता ते कपड्याला द्यायच्या खळीसारखं ताठ झालं. केशर, वेलदोडा, जायफळ सगळं पडलेलं, म्हणून कोणी तोंडावर काही बोललं नाही. चारोळ्या मात्र लोकांनी वेचून खाल्ल्या. चंद्र ढगात होता, ते बरंच झालं.

सोयाचं दूध या सगळ्यांत प्रामाणिक. प्रथिनं जवळजवळ गाईच्या दुधाएवढी, त्यामुळे दही लागतं, कढी होते, लिंबू पिळलं की पनीरसारखं फुटतं. वास थोडा शेंगांचा येतो. तुमच्या खळ्यावर जो येतो तोच, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटतं, बाकीच्यांना नाही.

आणि बाबा, पत्र लिहायला घेतलं ते मुळात यासाठी. खोक्यावर लिहिलं होतं, सोयाबीन नऊ टक्के. म्हणजे लिटरला नव्वद ग्रॅम. मी भाजीच्या पावतीच्या मागे हिशेब मांडला. क्विंटलभर सोयाबीनचं अकराशे लिटर दूध होतं. स्वस्तातल्या दुकानात लिटर एक युरोला, म्हणजे आपले शंभराच्या वर रुपये. क्विंटलचे झाले लाखाच्या वर. सरकारनं यंदा हमीभाव काढला ५,३२८. म्हणजे शंभर रुपयांच्या त्या खोक्यात सोयाबीन पाच रुपयांचंही नाही, आणि हे हमीभावानं धरलं तर. बाजार समितीत ओलावा, माती, काडीकचरा दाखवून काय हातात पडतं ते तुम्ही मला सांगायला नको. पुढची गंमत ऐका. जर्मनीत गाईच्या दुधावर कर सात टक्के, पण सोयाच्या दुधावर एकोणीस. त्या शंभरातले सोळा रुपये इथल्या सरकारचे. पिकवणाऱ्याच्या तिप्पट! आणि सरकारनं ना पेरलं, ना फवारलं, ना सोंगलं.

उरलेले ऐंशी रुपये कुठे जातात? गिरणी, उकळणं, खोकं, ट्रक, दुकानाचं भाडं आणि उरलेलं पाणी. खोक्यावर 'युरोपात पिकवलेलं सोयाबीन' असं मोठ्या अक्षरांत आहे, म्हणजे हे आपलं नाहीच. तिथल्या शेतकऱ्याला भाव आपल्याहून किती वेगळा मिळतो, हे मी शोधलं नाही. मुद्दाम. यंदा पावसानं आपल्याकडे पिकाचं जे केलं त्यानंतर ते वाचून तुमची झोप उडवायची माझी इच्छा नाही. पण आई घरी जातं काढून, नव्वद ग्रॅम भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून उकळेल, तर तेच दूध होतं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढते, तसंच. फक्त नीट उकळायचं, कच्चं प्यायचं नाही.

गाईचं दूध आम्ही कुठून आणतो तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल दुकानातून. दुकानातलं आणतोच, पण त्याला साय धरत नाही, त्यातली स्निग्धता यंत्रानं बारीक फोडून सारखी मिसळलेली असते. म्हणून शनिवारी सायकलवर गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे जातो. तिथं माणूस नसतो, यंत्र असतं. नाणं टाकायचं, आपली बाटली धरायची, बटण दाबायचं. वर पाटी, की हे कच्चं दूध आहे, पिण्याआधी उकळा. ही पाटी कायद्यानं लावावीच लागते. जर्मन लोकांना दूध उकळायला सांगावं लागतं, बाबा! गोठ्यातल्या गाई फ्लेकफी जातीच्या, तांबड्या-पांढऱ्या. धाकट्यानं पहिल्यांदा पाहून "तांबडी!" अशी हाक मारली आणि एकीनं मानही वळवली. नात त्या दिवशी सोबत आली होती. तिनं वासराच्या कपाळावर हात ठेवला, पण दूध प्यायली नाही. तत्त्वाची पक्की आहे, तुमच्यावर गेली.

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हाचं आताच सांगून ठेवतो. आई, तूप आणायचं नाही. पेढे नाहीत, खवा नाही, पेढ्यासारखं दिसणारंही काही नाही. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. विमानतळावर बरणी काढून घेतील आणि तुझं जे तोंड होईल ते मला बघवणार नाही. इथं आंबवलेल्या सायीचं लोणी मिळतं, त्याचं तूप आपल्यासारखं रवाळ होतं. येऊन कढव. कुरडया आण, हव्या तितक्या. हळद आण.

सोयाबीन विकायची घाई करू नका, एवढंच म्हणणार होतो, पण तुम्हाला दिवाळीचा खर्च आहे हे मला माहीत आहे. या आठवड्यात उमरखेडच्या बाजारात काय भाव निघाला तो कळवा. नातीला तक्त्यात एक रकाना वाढवायचा आहे आणि ती रोज विचारते.

तुमचा,
थोरला