दिवा विझला की गाडी बरी

मुलीच्या बाळंतपणासाठी तुम्ही सहा महिने अमेरिकेत राहून पुण्याला परत आला आहात. खाली पार्किंगमध्ये तुमची गाडी कव्हर पांघरून अख्खा पावसाळा उभी होती. आज कव्हर काढलंत, चावी फिरवलीत आणि डॅशबोर्डवर दिवाळी सुरू झाली. घाबरू नका. तुमच्याआधी अनेकजण या वाटेने गेले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या गाड्यांचे दिवे आज विझलेले आहेत. त्या गाड्या चालतात का, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही. आपलं ध्येय एकच: दिवा घालवणं.

१. आधी फोटो काढा. इंजिन सुरू होईपर्यंत थांबू नका. चावी ‘ऑन’ केली की गाडी आपले सगळे इशारे एकदा लावून बघते. तेलाचा चंबू, बॅटरी, इंजिन, पोटाशी फुगा धरून बसलेला एअरबॅगवाला, सगळे एकदम हजर होतात. बरेचसे दोन-तीन सेकंदांत जातात, उरलेले इंजिन सुरू झाल्यावर. म्हणून फोटो त्याआधीच हवा. तो फॅमिली ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, ‘सगळेच दिवे लागलेत!!’ इंजिन सुरू झाल्यावर कुठला दिवा राहिला हे सांगू नका. सांगितलंत तर नाशिकच्या भावोजींना निदान करायला काही उरणार नाही.

२. रंग ओळखा, मग विसरा. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा किंवा निळा म्हणजे नुसती माहिती. पुणेकराला यातला पहिला अर्थ मुद्दाम समजावून सांगावा लागतो, कारण इथे लाल दिव्याला थांबलं की मागचा हॉर्न मारतो. इंजिन चालू असताना तेलाच्या चंबूचा लाल दिवा राहिला, तर तेलाचा दाब पोचत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं असतं. तुम्ही ‘कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत तर जाईल’ म्हणा. जाईलही, पण परत येताना टोइंगवाला लागेल.

इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल, तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच पुढे जातंय आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय. ‘जरा एक्सप्रेसवेवर मोकळी सोडून आणा, आपोआप जाईल’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचा अनुभव दांडगा असतो, कारण कन्व्हर्टरचं बिल प्रत्येक वेळी दुसऱ्याने भरलेलं असतं.

३. बॅटरीवर संशय घेऊ नका. हे फार साधं कारण आहे आणि साध्या कारणात प्रतिष्ठा नसते. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग थोडी थोडी वीज खात असतात. ३० मिलीअँपिअर धरली तरी महिन्याला सुमारे २२ अँपिअर-तास होतात आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते साधारण ३५ची. सहा महिन्यांचा हिशेब दुसरीतला नातू करेल, तुम्ही करू नका. बॅटरी बसली की व्होल्टेज पडतं आणि एबीएस, पॉवर स्टीअरिंग, एअरबॅग असे सगळे कंट्रोलर एकदम तक्रार नोंदवतात. या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र आजार समजा आणि स्वतंत्र कोटेशन मागवा.

मल्टिमीटर घरात आणू नका. विजेच्या दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो आणि सगळी मजा घालवतो. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२च्या खाली असतील तर उतरलेली, गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसले तर आल्टरनेटर ठीक. दोन मिनिटांत निकाल लागला तर उरलेली सकाळ कशी घालवणार?

पुन्हा परदेशी जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवू नका. त्याऐवजी वॉचमनला सांगा, ‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेव.’ सेल्फ मारताना गेलेली वीज पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये क्वचितच भरून निघते आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. पण सहा महिने एसी लावून रेडिओ ऐकायला मिळाल्याबद्दल वॉचमन तुम्हाला दुवा देईल.

४. जंप स्टार्टसाठी माणसं जमवा. जंपर केबलला चार चिमटे असतात, म्हणून चार तज्ज्ञ हवेत. लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, ही झाली पुस्तकी पद्धत. सोसायटीच्या पद्धतीत प्रत्येकजण आपला चिमटा सोयीच्या जागी लावतो आणि ‘मारा सेल्फ’ म्हणून ओरडतो. उलटसुलट लागलं तर फ्यूज उडतात, कधी आल्टरनेटरही जातो. मग नवा दिवा लागतो आणि चर्चेला नवा विषय मिळतो.

गाडी सुरू झाली पण जागची हलत नसेल, तर इंजिनात दम नाही असं जाहीर करा. हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे ब्रेक शू पावसाळ्यात ड्रमला चिकटून बसले असतील, ही शक्यता मनात आणू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावल्या असत्या तर हा प्रसंगच आला नसता. पण विटा दिसायला बऱ्या दिसत नाहीत.

५. बॉनेट उघडा, एअर फिल्टर उघडू नका. बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून पाहत राहणं, हा तपासणीचा मान्यताप्राप्त प्रकार आहे. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर दिसला तर त्यावर किटलीभर गरम पाणी ओता आणि समाधानाने बाजूला व्हा. एअर फिल्टरच्या डब्याला मात्र हात लावू नका. झाकणाच्या क्लिपा काढल्या तर आत सुतळीचा गुंता, बिस्किटाच्या पुड्याचे बारीक तुकडे, काळ्या लेंड्या आणि ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ या सोसायटीच्या नोटिशीचा कुरतडलेला खालचा अर्धा भाग सापडेल. उंदरांचं बिऱ्हाड सापडलं की निदान संपतं. आपलं तर आत्ताच सुरू झालंय.

६. स्कॅनर लावा आणि कोडलाच चोर समजा. भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. स्कॅनर तिथे लागतो आणि पडद्यावर कोड येतो, समजा पी०१७१. त्याचा अर्थ इतकाच, की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. ती कुठून शिरतेय हे कोड सांगत नाही. उंदराने व्हॅक्यूम पाइप कुरतडला असेल, एखादा जोड निसटला असेल किंवा पेट्रोलचा दाबच कमी असेल. तक्रार नोंदवतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणून शिक्षाही त्यालाच द्या.

सेन्सर बदला. दिवा राहिला तर दुसरा सेन्सर बदला. मग एअर फ्लो मीटर, मग इग्निशन कॉइल. मध्येच कोणीतरी ‘पेट्रोल खराब झालंय’ म्हणेल आणि त्यात थोडं तथ्य असेल. उभ्या टाकीतल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि त्यात मिसळलेलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. पण जुनं पेट्रोल काढून ताजं भरणं फार सरळ झालं. त्याऐवजी काउंटरवरची सर्वांत चमकदार बाटली घ्या आणि टाकीत ओता. पाइप तसाच फाटका राहील. त्याची किंमत एवढी कमी असते, की गॅरेजवाल्यालाही तो बदलायला संकोच वाटतो.

७. मेमरी पुसा. कोड कागदावर लिहून ठेवू नका, फोटोही नको. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती, तापमान किती, याची नोंदही गाडीने जपलेली असते. तीही वाचू नका. सरळ ‘क्लिअर’ दाबा. दिवा जातो, गॅरेजवाला ‘झालं बघा साहेब’ म्हणतो, तुम्ही पैसे देता. कॉम्प्युटर मात्र आपल्या चाचण्या पहिल्यापासून सुरू करतो. चार-दोन फेऱ्यांत त्या पूर्ण झाल्या की दिवा परत येतो. ही फसवणूक नव्हे, हप्त्याहप्त्याने होणारी दुरुस्ती आहे.

८. टेप लावा, गाडी विका. एवढं करूनही दिवा राहिला तर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा पुरे. मग जाहिरात द्या: ‘वन ओनर, रनिंग कमी, कायम कव्हरमध्ये.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींनी मिळूनच गाडीची ही अवस्था केली आहे. गिऱ्हाईक विचारेल, ‘इंजिनाचा दिवा दिसतो का कधी?’ छातीवर हात ठेवून सांगा, ‘आम्हाला तरी दिसत नाही.’ फक्त एक खबरदारी घ्या. शहाणा गिऱ्हाईक आधी नुसती चावी ‘ऑन’ करतो आणि सगळ्यांबरोबर इंजिनाचा दिवा लागतो का ते बघतो. लागला नाही तर त्याला कळतं, की कोणीतरी दिव्याचं तोंड बांधलंय. म्हणून तो यायच्या आत गाडी सुरू करून ठेवा आणि म्हणा, ‘तुमच्यासाठीच गरम करून ठेवली होती.’