आमच्यात तसलं काही नाही

आमच्या सोसायटीत वंशभेद अजिबात नाही. तो अमेरिकेत असतो. सेक्रेटरींचा मुलगा न्यू जर्सीला आहे, त्यामुळे त्यांना खडान् खडा माहिती. परवा तिथल्या शेजाऱ्याने मुलाच्या घरच्या फोडणीच्या वासाची तक्रार केली, तर हे इकडे पुण्यात आठवडाभर धुमसत होते. "हिंग कळत नाही आणि म्हणे महासत्ता!"

त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर कोहिमाचा एक मुलगा भाड्याने आला. सेक्रेटरींनी आपुलकीने विचारलं, "नेपाळमें किदरसे?"

"नागालँड, अंकल."

"हां, वोईच. पासपोर्टका झेरॉक्स देना."

त्याने आधार कार्ड दिलं. ते उजेडात धरून झालं, नखाने खरवडून झालं. नागालँड राज्य झालं १९६३ साली, महाराष्ट्रानंतर तीनच वर्षांनी. आणि पुण्यात यायला त्याला कसलाच परवाना लागत नाही. कोहिमाला जायचं तर इनर लाइन परमिट काढावं लागतं ते सेक्रेटरींना. (कायद्याचं मूळ १८७३ चं, साहेबाचं. म्हणून तरी मान द्यावा.)

खाली पोरं त्याला 'चिंकी' म्हणतात. ती गंमत. २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांचीही दुकानात अशीच गंमत झाली होती. मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. त्यावर सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तिचा अहवालही आला. आमच्या नोटीसबोर्डावर मात्र पाण्याच्या वेळांखेरीज काही लावायला जागा नाही.

मग त्याने अखुनी शिजवली. आंबवलेलं सोयाबीन, वास जिना उतरून पार्किंगपर्यंत. कमिटीची तातडीची बैठक. "हे लोक काय काय खातात, देव जाणे," हे वाक्य इतिवृत्तात घ्यायचं का, यावर वीस मिनिटं गेली. मी गप्प होतो. आमच्याकडे रविवारी सुकट असते, खिडक्या लावून, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून. उगाच विषय कशाला वाढवा?

या रविवारी बेल वाजली. दारात तोच.

"अंकल, सुकी मछली है ना? घर की याद आ गई."

जिन्यात सेक्रेटरी उभे होते.

"नहीं बेटा," मी म्हटलं, "भरली वांगी है."