पदरचे तेहतीस

फ्लॅट घेताना मराठी माणूस कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप यांतला फरक बिल्डरकडून तीनतीनदा वदवून घेतो. जिन्यातला, गच्चीतला, लिफ्टच्या डक्टमधला आपला वाटा स्क्वेअर फुटांत लिहून मागतो. तोच माणूस तपकीर गल्लीत राऊटर घ्यायला गेला की खोक्यावरचा आकडा वाचतो आणि मुकाट जीपे करतो. खोक्यावरचा तो आकडा शुद्ध सुपर बिल्टअप असतो, आणि राऊटरच्या धंद्यात अजून रेरा आलेला नाही.

'एसी 1200' घ्या. हे 1200 आले कुठून? 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर कागदोपत्री 300 आणि 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर 867. बेरीज 1167. उरलेले 33 कंपनीने पदरचे घातले. 'एसी 750'ची बेरीज 733 भरते, तिथे पदरचे 17. 'एएक्स 3000'मध्ये 574 आणि 2402 मिळून 2976, वर 24 दक्षिणा. बरं, ही बेरीज करायचीच कशाला? आपल्या घरातले बहुतेक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतात. त्या 867 मधलेही निम्म्याच्या आसपास हवेतल्या शिष्टाचारात खर्ची पडतात. आधी तुम्ही बोला, नको आधी तुम्ही. ऐकू आलं का, पुन्हा सांगू का. राहिलं त्यात आपण नातवाचा वाढदिवस बघायचा.

आता खोकं उलटं करा. पुढच्या बाजूला 1200 असा ठसठशीत आकडा मिरवणाऱ्या कित्येक स्वस्त राऊटरांच्या पाठीवर, पोर्टांच्या खाली, मुंगीच्या अक्षरात 10/100 लिहिलेलं असतं. म्हणजे बाहेरचं इंटरनेट घरात यायचा जो एकमेव दरवाजा, त्यातून सेकंदाला 100 मेगाबिटच्या वर काही शिरणार नाही. 200 चा प्लॅन घेतलात तर उरलेले 100 उंबऱ्याबाहेर. दुकानात हे विचारून बघा.

"याला गिगाबिट पोर्ट आहे का हो?"

"काका, याला चार अँटेना आहेत."

अँटेनांचा महिमा स्वतंत्र आहे. दोन काड्यांचा राऊटर वन-बीएचकेला, चारचा टू-बीएचकेला आणि सहाचा बंगल्याला, असा हिशोब दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या गळी उतरवलेला आहे. वास्तविक हवेत किती जोरात बोलायचं याची कमाल मर्यादा सरकारने घालून दिलेली आहे; काड्या वाढवल्या म्हणून ती वाढत नाही. शिवाय हे बोलणं दुतर्फी असतं. राऊटरचं मोबाइलला ऐकू गेलं, तरी मोबाइलचं खोल गेलेल्या आवाजातलं उत्तर राऊटरपर्यंत पोचायला हवं. त्या मोबाइलला कुठे काडी लावणार? पण लोक काड्या पिरगाळत बसतात. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून काडीचं टोक बरोबर आतल्या खोलीवर रोखतात. लहरी निघतात त्या काडीच्या चहूबाजूंनी, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी. ज्या खोलीसाठी एवढा आटापिटा, नेमकी तीच कोरडी ठेवायची ही पक्की व्यवस्था झाली.

जागेचं काय? राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर असावा, असं पदार्थविज्ञान सांगतं. वास्तुशास्त्र म्हणतं, घराचा मध्य हे ब्रह्मस्थान, तिथे काही ठेवू नका. विजेच्या वस्तू आग्नेयेला न्या. आग्नेयेला स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह, जो नेमका 2.45 गिगाहर्ट्झवर कालचे पोहे गरम करतो. तो फिरू लागला की 2.4 वरचा राऊटर गांगरतो. परंतु या वादात शेवटचा शब्द पदार्थविज्ञानाचा नसतो आणि वास्तुशास्त्राचाही नसतो. तो असतो फायबर ओढायला आलेल्या पोराचा. त्याच्याकडे वायर किती उरली आहे आणि त्याला पुढचा कॉल किती वाजताचा आहे, यावर तुमच्या घराचं ब्रह्मस्थान ठरतं. दाराच्या वर, चपलांच्या रॅकच्या माथ्यावर तो एक भोक पाडतो. हिरव्या टोकाचं कनेक्टर शर्टाला पुसतो आणि डब्यात खुपसतो. लाल दिवा विझला की डब्यापासून दोन फुटांवर उभा राहून तुम्हाला स्पीड टेस्ट दाखवतो, 'फाइव्ह स्टार द्या सर' म्हणतो आणि जातो.

तिथून आतल्या खोलीपर्यंत मध्ये दोन विटांच्या भिंती, एक आरसा आणि आजींचं लोखंडी कपाट. 5 गिगाहर्ट्झची लहर आधीच नाजूक, दुसऱ्या भिंतीलाच धापा टाकते. लोखंडापुढे तर दोन्ही पट्टे हात टेकतात. कपाट हलवलं तर निम्मा प्रश्न सुटेल. परंतु कपाटामागे ओल आहे, ती पाहुण्यांना दिसेल. तेव्हा दर तीन-चार वर्षांनी राऊटर बदलतो, कपाट तिथेच राहतं.

नवा आणला की लगेच नेट सुरू होईल, असंही कुणी समजू नये. फायबरवाल्याचा डबा तसाच राहतो, नवा राऊटर त्याच्या पुढे जोडायचा. काही केबलवाल्यांच्या दप्तरी मात्र जुन्या यंत्राचा मॅक ॲड्रेस नोंदलेला असतो, दुसऱ्या यंत्राला ते ओळख देत नाहीत. मग फोन.

"दादा, राऊटर बदललाय. मॅक तेवढा रिलीज करा."

"कुठनं घेतला?"

"बाहेरून."

"अरे अरे. मला सांगायचं ना साहेब, आपल्याकडं होता की." मग थोडं थांबून, "करतो रिलीज. पण आता स्लो चालला तर आपली जबाबदारी नाही बरं का."

अमेरिकेहून येणारा भाचा हा आणखी एक मार्ग. पूर्वी तो बदाम आणि परफ्यूम आणायचा, हल्ली वाय-फाय 7 आणतो. "मामा, हा ट्राय-बँड आहे." त्यातला तिसरा बँड 6 गिगाहर्ट्झचा. तो अमेरिकेने 2020 मध्ये विनापरवाना वापरायला खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या भागापुरता नियमांचा मसुदा निघाला 2025 च्या मेमध्ये. 5 गिगाहर्ट्झचा ऐसपैस पट्टा मोकळा व्हायलाही आपल्याकडे 2018 उजाडलं होतं. मामा हे सगळं सांगतात, भाचा ऐकून घेतो आणि चपट्या पिनांसाठी कन्व्हर्टर मागतो. घरात वाय-फाय 7 समजणारी एकच वस्तू असते, भाच्याचा फोन. तो तीन आठवड्यांनी परत जातो.

खरा विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: या यंत्राला कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार? दुकानदार म्हणतो, तीन वर्षं वॉरंटी. हे उत्तर त्या प्रश्नाचं नाही, पण आपणही मान डोलावतो. 2016 मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर लाखांनी पकडून फौज उभी केली. त्यासाठी फार डोकं लढवावं लागलं नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेलेच नव्हते. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये ट्विटर आणि नेटफ्लिक्स काही तास आडवे केले. आपल्याकडे वाय-फायचा पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव, जन्मसाल आणि शेवटी ॲट द रेट. तो शेजाऱ्यांना कळू नये म्हणून फ्रिजवर लिहून ठेवलेला असतो. राऊटरच्या आतल्या तिजोरीला मात्र 'ॲडमिन', 'ॲडमिन'. त्या फौजेत आपलाही एखादा मावळा होता की काय, कुणी सांगावं.

तेव्हा गिगाबिट पोर्ट, दोन्ही पट्टे, चालू अपडेट आणि पुरेशी लांब लॅन वायर, एवढ्यात सामान्य घराचं भागतं. बाकी सगळा दिखाऊपणा. पण एवढं करूनही आपण सोसायटीत राहतो हे विसरून चालत नाही. वरच्याने सहा काड्यांचा आणला, म्हणून खालच्याने आठचा आणला. सगळे एकाच हवेत, एकाच वेळी, साडेआठची मालिका बघताना. हा तंटा दुकानात मिटणारा नाही. तो वार्षिक सर्वसाधारण सभेत जाणार. त्या सभेचं इतिवृत्त मला आत्ताच दिसतंय:

'विषय क्र. 7, चॅनेलवाटप. सेक्रेटरींनी निदर्शनास आणले की 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल 1, 6 व 11 असे तीनच असून सभासद 24 आहेत. चॅनेल 1 हा चेअरमन यांच्याकडे पूर्वापार वहिवाटीने असल्याने त्यांच्याकडेच ठेवावा. चॅनेल 6 सेक्रेटरी व खजिनदार यांनी सामाईक वापरावा. उर्वरित 21 सभासदांनी चॅनेल 11 आळीपाळीने वापरावा. बी-203 यांनी 5 गिगाहर्ट्झवर जागा मुबलक असल्याने सर्वांनी तिकडे जावे असे सुचविले. सदर जागा बिल्डरने मंजूर नकाशात दाखविली होती काय, अशी विचारणा झाली; आर्किटेक्टचे मत मागवावे असे ठरले. फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदांकडून बिनभोगवटा शुल्कासोबत चॅनेल शुल्क घ्यावे. पाहुण्यांचा मोबाइल रात्री दहानंतर जोडलेला आढळल्यास वॉचमनने रजिस्टरमध्ये नोंद करावी. चॅनेल 3 किंवा 4 वर राऊटर आडवा लावून 1 व 6 या दोन्हींची वाट अडविणाऱ्या सभासदास जॅमर लावण्यात येईल. सूचक: चेअरमन. अनुमोदक: चेअरमन यांच्या सौ., सहयोगी सभासद. सर्वानुमते मंजूर.'