टबातलं पाणी

चिरंजीवांनी गच्चीवर बर्फाच्या आंघोळीचा टब मांडला, त्याला आमची हरकत नाही. व्यायाम झाल्यावर गार पाण्यात गळ्यापर्यंत बसलं की अंग मोकळं होतं म्हणे. बसावं पोरानं. तक्रार एवढीच, की तो उठून जातो आणि पाणी आमच्याकडे राहतं.

तीनशे लिटर. लातुरात. २०१६ च्या मार्चात इथं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी भरून. त्या गावात ‘ओतून टाका’ हे शब्द तोंडातून फुटत नाहीत.

मेहुणे नांदेडचे. गोदाकाठी वाढलेले, विष्णुपुरीचं पाणी प्यालेले. ते फोनवर सहज विचारतात, “दाजी, पाणी बदलायलाव की न्हाई?” जणू मांजरा धरण आमच्या परसात आहे.

बर्फानं जंतू मरतात, हा चिरंजीवांचा सिद्धांत. जंतू मरत नाहीत, गारठून गप्प बसतात आणि दुपारी टब कोमट झाला की कामाला लागतात. शिवाय घाम, खोबरेल, तळपायाची माती. काठावरून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर. ब्लीचिंग पावडर टाकावी, तर गार पाण्यात ती सरकारी वेगानं चालते आणि तिची निम्मी ताकद घामातेलाशी झुंजण्यातच जाते. ‘आधी साबण लावून आंघोळ कर, मग टबात उतर,’ असं सुचवलं. ‘आंघोळीआधी आंघोळ कोण करतं?’ असा प्रश्न आला. मग तुरटी फिरवली. गाळ तळाशी बसला, पाणी नितळ दिसलं, आणि पाणी शुद्ध असल्याचा निकाल त्यानं परस्पर लावला.

बर्फाचं आणखी वेगळं. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करावा, असा राज्यात २०१८ पासून दंडक आहे. लादी येते ती पोत्यातून, भुशासकट. म्हणजे निळसर पाणी, त्यावर तरंगता भुसा आणि मध्ये आमचा वंश.

परीक्षा आली तेव्हा टबाकडे कोणी फिरकलं नाही. नेमक्या त्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या ताई बॅटरी घेऊन आल्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटतात, घासावं लागतं. हे सगळं त्यांनी आम्हालाच सांगितलं. टबाला त्यांच्या वहीत रकाना नव्हता. ‘हौद, अळी आहे’ अशी नोंद झाली.

शेवटी टब उपसला. ब्लीचिंगमुळे पाणी तुळशीला चालेना, म्हणून बादल्या भरून संडासात ठेवल्या. सौभाग्यवतींनी टब घासला आणि त्या दिवसापासून त्या माझ्याशी मोजकंच बोलतात. टबाशी माझा काय संबंध, हे मी अजून विचारलेलं नाही.

महिन्यात दुसऱ्यांदा बोलावलं म्हणून टँकरवाल्यानं पाइप सोडता सोडता चौकशी केली, “लग्न हाय का घरी?”

मी हो म्हणालो.